अण्णा, जरा कानटोपी वर करा

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितोय म्हणून राग मानू नका. तुमचा मेसेजही खुलाच होता. परवा पहाटे माझ्या बागेतला पारा सहाच्या खाली उतरला. निम्मं गाव द्राक्षाच्या ओळींमध्ये छाटणीच्या काड्या पेटवून धूर करत बसलं होतं, कुणी विहिरीचं कोमट पाणी ठिबकला सोडत होतं. नेमकी तेव्हाच बागायतदारांच्या ग्रुपवर तुमची दवंडी आली : 'कुठंय ते ग्लोबल वॉर्मिंग? कुणाला सापडलं तर माझ्याकडं पाठवा, शेकायला घेतो.' पुढं हसून लोळणारे तीन चेहरे. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. हा पाऊस मात्र दर वर्षी वेळेवर पडतो.

निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर झळकला की तुमचा हा मेसेज येतोच. एप्रिलअखेरीस पारा बेचाळिसावर जातो, कांद्याच्या चाळीत उभं राहवत नाही, तेव्हा मात्र तुमचा फोन बहुतेक दुरुस्तीला गेलेला असतो. उन्हाळ्यात पुरावे गोळा करायचे नाहीत हा तुमच्या संशोधनाचा पहिला नियम दिसतो.

नुसती गंमत असती तर सोडून दिलं असतं. पण गटाच्या बैठकीत काय झालं ते आठवा. शिवारात आपलं स्वतःचं स्वयंचलित हवामान केंद्र बसवायचं ठरत आलं होतं. पाऊस, आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं हे सगळं कळलं असतं आणि डाऊनी रोगावरची फवारणी अंदाजपंचे मारायची गरज उरली नसती. वर्गणीही जमली होती. तुम्ही उठलात, उपरणं झटकलंत आणि म्हणालात, "मी तुमच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. बाहेर जाऊन बघा थंडी किती आहे ती. हवामान बदललंय म्हणे!" झालं. सभा हसली आणि वर्गणी ज्याची त्याला परत गेली. एक कडाक्याची सकाळ साक्षीदार म्हणून उभी करून तुम्ही खटला जिंकलात. तेव्हा आता आरोपी म्हणून थोडं तुम्हीही ऐकून घ्या.

दुसरा कुणी असता तर मी त्याला सहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला 'हवा व हवामान' हा धडा काढून दिला असता. आज, या घटकेला, या जागी आभाळ कसं आहे, वारा कुठला आहे, पारा किती आहे, ती हवा. एखाद्या मुलखात वर्षानुवर्षं ती कशी असते, कुठवर चढते, कुठवर उतरते, कोणत्या महिन्यात काय धरून चालायचं, ते हवामान. पोरंसोरं हे पाठ करून पाच मार्क मिळवतात. तुम्हाला मात्र धडा देणं म्हणजे तुमचा अपमान. तुम्ही उभी हयात विमा विकलात.

आमच्या ओट्यावर बसून तुम्ही वडिलांना पॉलिसी समजावली ती मला चांगली आठवते. कापडी पिशवीतून तक्त्यांचं पुस्तक काढलंत, वय बघितलंत, बोट आडवं फिरवत नेलंत आणि हप्ता सांगितलात. वडिलांनी विचारलं, "म्हणजे मी किती जगणार?" तुम्ही हसलात. "ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण तुमच्या वयाची लाखभर माणसं घेतली तर त्यातली वर्षाला किती जातील, ते कंपनीला पक्कं ठाऊक असतं." अण्णा, हवा आणि हवामान यांतला फरक इतक्या थोडक्यात मी नंतर कुठल्या तज्ज्ञाकडूनही ऐकला नाही. एका माणसाचं मरण ही हवा, आणि तो तक्ता म्हणजे हवामान. वेशीजवळचे म्हातारबाबा रोज बिडीचं बंडल संपवून नव्वदी गाठून गेले. म्हणून बिडी ओढणाऱ्यांचा हप्ता कमी करा, असं तुम्ही कंपनीला कधी कळवलंत का? उलट फॉर्मवरच्या तंबाखूच्या रकान्याजवळ तुमचं पेन जरा जास्तच रेंगाळायचं.

या धंद्याच्या मूळपुरुषांपैकी एक कोण ते ऐका. एडमंड हॅले, तोच तो धूमकेतूवाला. पोलंडमधल्या आजच्या व्रोत्स्वाफ शहराला तेव्हा ब्रेस्लाऊ म्हणत. तिथल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन हॅलेनं १६९३ मध्ये तक्ता मांडला : कोणत्या वयाची किती माणसं उरतात आणि त्यावरून वार्षिकीची किंमत किती धरावी. त्याच्या सात वर्षं आधी, १६८६ मध्ये, याच गृहस्थानं व्यापारी वाऱ्यांवर आणि मान्सूनवर निबंध लिहिला होता, सोबत समुद्रावरच्या वाऱ्यांचा नकाशाही काढला होता. गलबतांच्या खलाशांनी वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या दिवशी अंगावर घेतलेले वारे त्यानं एका कागदावर आणले आणि कोणत्या ऋतूत कुठून कुठं वाहतं ते दाखवलं. म्हणजे तुमचा हप्ता आणि आपला पाऊस एकाच माणसाच्या टेबलावर होते. आणि तुम्ही पहिल्यावर घर बांधलंत अन् दुसऱ्याची टिंगल करता.

आता परवाच्या थंडीचं. ती कुठून आली ते सांगतो, म्हणजे तुम्ही तिला उगीच भलत्या खटल्यात साक्षीला ओढणार नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, हिमालयात बर्फ टाकून पुढं सरकतात आणि त्यांच्या मागं उत्तरेचा कोरडा गार वारा राजस्थान, गुजरातवरून आपल्यापर्यंत उतरतो. त्यात रात्री आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब थेट वर सोडून देते, तिला अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. निफाडचा भाग सखल, गोदाकाठचा. जड गार हवा तळाशी साचून राहते. म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो आणि पुणेकर हळहळतात. दोन-तीन दिवसांनी वारा फिरतो, ढग येतात आणि पारा पाच-सात अंशांनी उडी मारतो. यात पृथ्वीच्या भवितव्याचा निकाल कुठंही लागत नाही.

आणि 'थंडीची लाट' हा जो शब्द तुम्ही मिरवता, तो हवामान खातं कधी वापरतं माहीत आहे? सपाट मुलखात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं पाहिजे आणि तिथल्या सरासरीपेक्षा ते निदान ४.५ अंशांनी कमी असलं पाहिजे. सरासरीपेक्षा, अण्णा. म्हणजे तुमची लाट मोजायलासुद्धा आधी ते हवामान लागतं, जे अस्तित्वातच नाही असं तुमचं म्हणणं आहे.

तुमच्या आधी हा युक्तिवाद फार मोठ्या सभागृहात झालाय. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इन्हॉफ वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा घेऊन आले, बाहेर किती थंडी आहे बघा म्हणाले आणि गोळा सभागृहात फेकला. ते पर्यावरणविषयक समितीचे अध्यक्ष होते. गोळा वितळला असेल. वर्ष संपल्यावर हिशेब झाला तेव्हा २०१५ हे तोवरच्या नोंदींमधलं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. तुम्ही निदान काड्या जाळून धूर करता, अन्नदाते आहात, तुमची बरोबरी मी त्यांच्याशी करणार नाही. तुमच्याकडं फेकायला नुसता मेसेज आहे.

राहिला प्रश्न तुमच्या पावसाळ्यांचा. जास्त पाहिलेत हे कबूल. गंमत अशी की जागतिक हवामान संघटनाही तेच मागते : हवामान म्हणायचं तर निदान ३० वर्षांच्या नोंदी आणा. सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षं सरासरीसाठी धरतात. आपल्याकडं हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. त्याचं मुख्यालय १९२८ पासून १९४४ पर्यंत पुण्यात होतं, शिमल्याहून आलेलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. विम्याच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलात तेव्हा तिच्यावरून बसनं गेला असाल. तिथं तुमच्यासारख्या कुणाच्या एका पहाटेवर कुणी भाळत नाही. तिथं लाखो पहाटा ओळीनं मांडलेल्या असतात.

त्या ओळी काय म्हणतात? केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये अहवाल काढला : १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. हवामान खात्याच्या नोंदीत १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष २०२४. आता तुम्ही म्हणाल, पाऊण अंश? आमच्या बागेत सकाळ-दुपारमध्येच पंचवीस अंशांचा फरक पडतो! बरोबर. एका दिवसाचा पारा कसाही नाचतो, त्याला काही मोल नाही. पण देशभरातल्या नोंदी घेऊन वर्षाची सरासरी काढली की वर-खाली एकमेकांत जिरून जातात आणि ती जागची फारशी हलत नाही. ती वर्षानुवर्षं एकाच बाजूला सरकत राहिली म्हणजे खालून कुणीतरी ढकलतंय. तुमच्या तक्त्यातला मृत्युदर पाऊण टक्क्यानं वर सरकला असता तर तुमच्या कंपनीत रात्रभर दिवे जळले असते.

तुम्ही मुंबईत कुलाब्याला राहत असता तर काय बहार आली असती! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, माणसं गाड्यांमध्ये गुदमरून गेली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ७३ मिलिमीटरची. तुम्ही गॅलरीत चहा पीत ग्रुपवर टाकलं असतंत : 'कुठंय तो महापूर?'

तुमचं दुसरं शस्त्रही मला ठाऊक आहे. "उद्या पाऊस पडेल की नाही ते यांना धड सांगता येत नाही, आणि शंभर वर्षांनंतरचं सांगायला निघालेत!" या वाक्याला तर हमखास टाळी असते. हवेचा अंदाज फसतो हे खरं आहे आणि तो का फसतो तेही सापडलंय. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचा हवामानशास्त्रज्ञ १९६१ मध्ये संगणकावर हवेचं गणित चालवत होता. एक गणित मधूनच पुन्हा चालवायचं म्हणून त्यानं ०.५०६१२७ ऐवजी नुसतं ०.५०६ भरलं. थोडा वेळ दोन्ही गणितं हातात हात घालून चालली, मग अशी फाटली की पुढच्या हवेचा मागच्या हवेशी संबंध उरला नाही. आजची स्थिती कितीही काटेकोर मोजली तरी तसूभर चूक राहतेच आणि ती दिवसागणिक फुगत जाते. म्हणून साधारण दोन आठवड्यांपलीकडं अमुक तारखेला अमुक गावात काय होईल ते सांगता येत नाही. पण हवामानाचा प्रश्नच वेगळा आहे. तिथं तारीख विचारायची नसते. सूर्याची ऊब किती आत येते, किती बाहेर जाते आणि मधे अडवणारा कर्बवायू किती वाढला, असा तो जमाखर्च आहे. कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं १८९६ मध्येच कागदावर केला होता. संगणक नव्हता, उपग्रह नव्हता. तुम्हीही वडिलांना मरणाची तारीख सांगू शकला नाहीत, पण हप्ता मात्र बिनदिक्कत घेतलात. तेव्हा कंपनीला 'आधी उद्याचं सांगा' असं कुणी म्हणालं नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तुमच्या पुण्यातल्या नातवाचंही मला पटत नाही. गारांचा एक सडाका झाला की तो लगेच स्टेटसला टाकतो, 'हवामान बदलाचा बळी'. गारा त्याच्या पणजोबांच्या शेतातही पडायच्या. एका दुपारच्या गारपिटीवरून हवामान सिद्ध करणं आणि एका पहाटेच्या थंडीवरून ते खोटं पाडणं, दोन्ही एकाच खानदानाला शोभतं. विचारायचं ते असं : पूर्वी इतक्या वर्षांतून एकदा येणारं आता कितीदा येतं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच विचारलं. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. एका अंशानं तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग ती ओतते तेव्हा हात राखून ओतत नाही.

थंडी आपल्याला नवी नाही, अण्णा. तिच्याशी कसं भांडायचं ते आपल्याला कळतं : शेकोटी, पाणी, पेपर गुंडाळून घड झाकणं. मणी तडकतात, हिरवे मणी गुलाबी पडून पिंक बेरी येते, व्यापारी नाक मुरडून किलोमागं दर पाडतो, तरी गणित हातात राहतं. हातातून सुटतंय ते वेळापत्रक. २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्चला गारपिटीनं काढणीला आलेले घड झोडपले. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार आणि पाठोपाठ महा अशी चक्रीवादळं उठली आणि छाटणी झालेल्या बागा पावसात कुजल्या. २०२३ चा नोव्हेंबर संपता संपता पुन्हा गारा. आणि २०२५ चा मे तुम्ही विसरला नसाल. मुंबईत मान्सून पोचायची नेहमीची तारीख ११ जून, तो पोचला २६ मे रोजी. खरड छाटणीनंतर काडीत घड धरायला जे कडक ऊन लागतं, त्या दिवसांत आपल्या शिवारावर ढग बसून होते. ऑक्टोबरात गोड छाटणी केल्यावर कळलं की घड जिरलेत, वेली नुसत्याच हिरव्या. तुमच्याच वरच्या प्लॉटमध्ये ओळीच्या ओळी मोकळ्या होत्या. त्या दिवशी तुम्ही ग्रुपवर काय टाकलंत? 'शुभ सकाळ', गुलाबाच्या फुलासह.

खात्यानं तर आपलं पंचांगच बदललं. मान्सूनच्या येण्याजाण्याच्या जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवरून ठरलेल्या होत्या. २०२० मध्ये त्या नव्यानं मांडल्या, तेव्हा पश्चिम राजस्थानातून परतीला निघायची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. म्हणजे पाऊस पंधरवडाभर उशिरा घरी निघतो, हे सरकारी कागदावर आलं. आणि तुम्ही अजून मृगात पेरा, हस्तात आवरा असं पोरांना सांगता, ती ऐकतात आणि फसतात.

आता सर्वांत गंभीर कलम. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, कारण पुरावा तुमच्याच पडवीत खिळ्याला लटकतोय. मागच्या दिवाळीला फराळाला आलो तेव्हा पाहिला. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, वरच्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला. दर चौकोनात निळ्या बॉलपेननं तुमचं ते बारीक, पॉलिसी भरल्यासारखं अक्षर : 'खरड छाटणी', 'पाऊस २ तास, वारा', 'शेकोटी', 'विहीर ४ परस', 'पहिली तोड'. वाईट पावसाच्या दिवसाला चौकोनाभोवती दोनदा फिरवलेलं पेन. काकू म्हणाल्या, रद्दीत देऊ देत नाहीत. कसे देतील? सगळ्या गावात हवामानाची एवढी सलग नोंद दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर नाही. सिमला ऑफिसातल्या माणसांनीही बसायला पाट दिला असता. आणि हा गठ्ठा उशाशी ठेवून तुम्ही ग्रुपवर एका पहाटेचा दाखला देता!

म्हणून शिक्षा मागतो ती साधी आहे. माफी नको, ती दिलीत तरी तिच्यापुढं तीन हसरे चेहरे असतील. ती सुतळी सोडा. दोन पोरं पाठवतो, ती चौकोन न् चौकोन फोटो काढून घेतील आणि कागद होता तसा परत खिळ्याला अडकवतील. पुढच्या बैठकीत हवामान केंद्राचा विषय पुन्हा घेतलाय. त्या दिवशी थंडी असली तर शाल घेऊन या, नसली तर नुसते या. वर्गणीच्या यादीत तुमचं नाव मी आधीच लिहिलंय, आकडा तुम्ही भरा.

काकूंना नमस्कार. बाकी क्षेमकुशल.

आपला आज्ञाधारक,
खालच्या शिवारातला शेजारी

ता. क. : फळपीक विम्याची भरपाई नाकारली म्हणून गेल्या साली तुम्ही तक्रार अर्ज केला होता, तो टाइप करायला माझ्याकडंच दिला होतात. त्यात तुमच्या हातचं वाक्य आहे : 'महसूल मंडळाच्या केंद्रावर नोंदलेला पाऊस हा माझ्या बागेतला पाऊस धरू नये.' फाइल अजून आहे माझ्याकडं. पुढच्या थंडीत त्याखाली 'आणि माझ्या बागेतली थंडी ही साऱ्या जगाची धरू नये' एवढं जोडून ग्रुपवर टाकतो. टायपिंगचे पैसे नकोत.